कविताची पोस्ट बॉटनं काढली नव्हती

आर्णीच्या स्टँडवर मला सोडायला याडी आणि जमना दोघीच आल्या होत्या. आमच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात. जमना माझी धाकटी बहीण, तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची. बाप आला नाही, कापूस वेचणीचे दिवस होते. त्याला जे सांगायचं ते त्यानं आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं, "आपली बोली तांड्यात. बाहेर त्यायच्यासारखं बोलजो."

यवतमाळची बस लागली तशा दोघी माझ्या गळ्यात पडल्या आणि रडू लागल्या. तांड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या बाया नुसत्या रडत नाहीत, सुरात रडतात. नवरी सासरी निघाली, माहेरवाशीण बऱ्याच दिवसांनी भेटली, घरात कोणी गेलं, की एकीनं दुसरीच्या गळ्यात हात टाकायचा आणि नात्यानं हाक मारून सुरू करायचं. तुझ्या हातची भाकर, तुझ्या अंगणातली बोर, तू मला कडेवर घेऊन कुठं कुठं नेलंस, सगळं त्या सुरात येतं. एकीचा दम संपला की दुसरी तिथून उचलते. उचलणारी कोणी नसेल तर ते रडणं पुरं झालं असं आमच्यात मानत नाहीत.

मी बावीस वर्षांचा होतो. अंगात नवा टेरिकॉटचा शर्ट होता आणि खिशात नाशिकच्या तार ऑफिसातल्या नोकरीचा कागद. स्टँडवरचे लोक बघायला लागले.

"काहो, कोण खपलं?" एकानं विचारलं.

"कोणी नाही खपलं," कंडक्टर म्हणाला. "तांड्यावरच्या बाया आहेत. पोरगं बाहेरगावी चाललं तरी यायचं असंच राह्यते."

लोक हसले. मी जमनाचा हात मानेवरून काढला, आत जाऊन बसलो आणि खिडकीची झडप खाली ओढली. बस निघाली तेव्हा बाहेर याडी एकटीच सूर धरून होती. जमना गप्प झाली होती.

याला पन्नास वर्षं झाली. हे आधी सांगितलं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या ऑनलाइन समूहावर शेजारच्या सरूच्या मुलीनं, कवितानं, लिहिलेली एक पोस्ट काढली गेली, आणि ती बॉटनं, म्हणजे पोस्ट आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेनं, काढली असावी असं मी लिहिलं होतं. बॉटनं काढली नव्हती. मी काढली होती. समूहावर मी चार ओळींत हे कबूल केलेलं आहे, पण त्या चार ओळीही पुऱ्या खऱ्या नाहीत. म्हणून हे लिहितो आहे. तांड्यावर राहिलेल्यांनी वाचावं, कोणाला वाचता येत नसेल त्याला वाचून दाखवावं. माझ्यासारखे निघून आलेल्यांनीही वाचावं.

नाशिकच्या तार ऑफिसात जिभेचं काम कमी आणि बोटांचं जास्त होतं, हे माझं नशीब. शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ माझी वऱ्हाडी ऐकून "पुन्हा म्हणा बरं" म्हणायचे. चिडवायला नव्हे, त्यांना ती गोड वाटायची. मला ते सोसायचं नाही. दोन वर्षांत माझी बोलण्याची ढब अशी बदलली की नवीन आलेल्या माणसाला मी नाशिकचाच वाटायचो. गोरबोली तर तिथं कोणी ऐकलीच नाही. माझी बायको खानदेशातल्या तांड्यावरची. लग्नानंतर ती घरात आपल्या बोलीत बोलायची आणि मी मराठीत उत्तर द्यायचो. एक दिवस तीही मराठीत बोलू लागली. तो दिवस कोणता, ते मला आठवत नाही. मुलांना बोली आली नाही, नातवंडांचा तर प्रश्नच नाही.

तारेत शब्द कमीत कमी लागत. शुभेच्छांना आकडे ठरलेले होते. आकडा पाठवला की पलीकडे पुरं वाक्य निघायचं. मरणाच्या बातमीला दोन-तीन शब्द पुरायचे. मला हे फार आवडायचं. ज्या घरात एका मरणावर बाया दिवसभर रडत, त्या घरातून आलेल्या माणसाला दोन शब्दांत मरण कळवणं फार स्वच्छ वाटायचं. असा मी झालो होतो.

पुढं तार बंद झाली, मी निवृत्त झालो. एका पुतण्यानं मला आपल्या लोकांच्या चर्चासमूहात घातलं. आर्णी, दिग्रस, दारव्हा भागातल्या तांड्यांवरून पुणे, बेंगळुरू, दुबई, आणखी कुठं कुठं गेलेली मंडळी तिथं होती. कोणी नोकरीचं विचारायचं, कोणी सोयरिकीचं, कोणी आर्णीला बापाच्या शेतात सोयाबीन पिवळं पडतंय म्हणून दुबईतून सल्ला मागायचं. लिहायचे मराठी, गोरबोली, हिंदी, इंग्रजी सगळं कालवून, आणि मधे मधे नुसती अक्षरं. ती मला ओ की ठो कळत नव्हती.

पहिला महिनाभर मी ओपी नावाच्या माणसाच्या काळजीत होतो. प्रत्येक चर्चेत लोक म्हणायचे, ओपीनं बरोबर केलं, ओपीनं आईवडिलांशी बोलावं, ओपी खोटं बोलतोय. मला वाटलं, कोणी ओमप्रकाश आहे आणि बिचाऱ्यामागं किती भानगडी आहेत. नोकरी गेली, दोन सोयरिकी मोडल्या, गाय आजारी. मी त्याच्यासाठी धीराचं एक पत्रच टाकलं, "ओपीजी, खचू नका. दिवस बदलतात." सगळा समूह हसून लोळला. शेवटी एकाला दया आली. त्यानं लिहिलं, "काका, जो चर्चा सुरू करते तो ओपी. आता हे पत्र तुमी टाकलं, तं तुमीच ओपी. तुमीच खचू नका."

मग तार ऑफिसची सवय कामाला आली. एका कोऱ्या डायरीत मी एकेक अक्षरगट लिहून घेऊ लागलो, आणि समोर तो कुठं वापरला, कोणी वापरला, त्यावर दुसऱ्यानं काय उत्तर दिलं. शब्दकोशात बघण्यापेक्षा हे बरं पडतं. टीएलडीआर म्हणजे, एवढं लांबण वाचवत नसेल तर हे घ्या सार. एनजीएल म्हणजे, खोटं कायले बोलू. आयआयआरसी म्हणजे, मले आठवते त्याप्रमाणं. हे तर माझ्या बापाच्या दर वाक्यात असायचं. वाक्याच्या शेवटी तिरकी रेघ आणि एस असला तर आधीचं सगळं उलटं समजायचं, थट्टा चालली आहे. जुनी मेलेली चर्चा कोणी उकरून वर आणली तर नेक्रो म्हणून त्याच्यावर ओरडतात. आणि कोणी वारलं की पोरं एकच अक्षर लिहितात, एफ. कुठल्याशा खेळात ते बटण दाबून मेलेल्याला मान द्यायचा असतो म्हणे, तिथून आलं. मी डायरीत लिहिलं: एफ, दुखवटा.

ही यादी मी साध्या वऱ्हाडीत समूहावर टाकली. ती एवढी चालली की सगळ्यांच्या वर नेहमीसाठी लावून ठेवली गेली. तांड्यावरची थोराड माणसं लेकरांच्या चर्चा वाचू लागली. एका बाईनं कोणाकडून तरी लिहवून घेतलं, "काका, माह्या पोराचं सुनंशी कायचं भांडण हाय ते मले आज समजलं." मला फार बरं वाटलं. आम्ही बाहेरच्याला कोर म्हणतो. बाजारात अडत्यासमोर बाप आणि काका गोरबोलीत बोलायचे तेव्हा अडत्या कोर असायचा, नुसती तोंडं बघायचा. समूहावरच्या पोरांपुढं मी तसा होतो, आणि म्हातारपणी मेहनत करून आत शिरलो होतो. पुढं त्यांनी मला मॉडरेटर केलं, म्हणजे पोस्टवर लक्ष ठेवणारा आणि नियमाबाहेरची काढणारा. समूहाचे नियम मीच नीट लिहून काढले. त्यातला चौथा असा: एकच अक्षर किंवा ओळ पुन्हा पुन्हा लिहू नये, अशी पोस्ट काढली जाईल.

त्या दुपारी जेवून मी समूह उघडला तर एक लांबच लांब पोस्ट नुकतीच आलेली होती. रोमन लिपीत, पण गोरबोलीत. याडी हा एकच शब्द, पण त्यातला आ दहा-बारा अक्षरं ताणलेला. मग नुसत्या आ-आ-आची पुरी ओळ. पुन्हा याडी. मग, तू मला काकडीचा वेल दाखवलास, याडी. तू माझ्या वेण्या घातल्यास आणि आश्रमशाळेच्या गाडीत बसवलंस, याडी. मला सुट्टी मिळाली नाही, याडी. पुन्हा आ-आ-आ. असं चाळीसेक ओळी. शेवटची ओळ अर्धीच होती. लिहिणारीनं टोपणनाव घेतलेलं होतं, ती कोण ते मला ठाऊक नव्हतं.

समूहावरच्या कबुलीत मी लिहिलं की मला कळलं नाही, स्पॅम वाटलं. हे खोटं आहे. तिसऱ्या ओळीला मला कळलं होतं. मोबाइलमधून काही आवाज येत नसताना मला सूर ऐकू येत होता. अर्धी ओळ का सोडली तेही कळलं. समूहात बाया होत्या, त्यांच्यापैकी कोणीतरी उचलावी म्हणून सोडली होती. पण समूहात आता बाहेरचेही पुष्कळ होते, पोरांचे मित्र, परजातीतल्या सुना, जावई. कोणीतरी विचारील हे काय आहे, कोणीतरी सांगील, आणि सगळे हसतील, असं मला वाटलं. माझा चेहरा तापला. मी "काढून टाका" दाबलं. कारण विचारलं, तर नियम क्रमांक चार निवडला. तिनं नुसतं एफ लिहिलं असतं तर मी खाली हात जोडले असते.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "माझी पोस्ट कुठं गेली? कोणी वाचली का?"

पोस्ट निघण्याआधी तिच्यावर नजर पडलेल्या एका पोरानं लिहिलं, "ताई, कीबोर्डवर मांजर बसली होती का?" त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मी लिहिलं, "बॉटनं काढली असावी. कृपया नियम पाहावेत."

तिनं "ओके" लिहिलं आणि समूह सोडला.

पंधरा दिवसांनी जमनाचा फोन आला. ती तांड्यावरच दिलेली, तिथंच राहते. आता ती माझ्याशी गोरबोलीत बोलत नाही, वऱ्हाडीत बोलते, पाहुण्याशी बोलावं तशी.

"दादा, सरू गेली ना," म्हणाली. "तुले कळवाचं राहूनच गेलं."

सरू आमच्या शेजारच्या घरातली. जमनाबरोबर तीही मला राखी बांधायची, मला भाऊ म्हणायची. कविता तिची एकुलती एक मुलगी, म्हणजे मी तिचा मामा. कविता लहान असताना मी तिला दोनदा पाहिली असेल.

"कविता आलती का?" मी विचारलं.

"कुठची येते! आयर्लंडले नर्स हाय ते. मोबाइलवर तोंड दाखोलं दहा मिन्टं. दवाखान्याच्या कपड्यात उभी, खांबासारखी. डोयात टिपूस नाही. बाया म्हणून राह्यल्या, मायचं मढं पाह्यलं अन् ड्युटीवर गेली."

"अगं, कामावर असंन ती."

"मले नको सांगू. तिची मावशी तं सर्व्यायसमोर बोलली, आता आली तं मी गळ्यात पडन नाही तिच्या. ज्या पोरीनं मायसाठी सूर धरला नाही, तिच्यासाठी कोण धरन?"

मी सरू कोणत्या दिवशी गेली ते विचारलं. जमनानं वार सांगितला. ती पोस्ट आली तोच वार होता. 

"हॅलो," जमना म्हणाली. "हाय का गेला?"

काढलेली पोस्ट नष्ट होत नाही. मॉडरेटरला ती दिसत राहते, करड्या रंगात, खाली काढणाऱ्याचं नाव असतं. मी ती रोज उघडून वाचत होतो. एका बोटाच्या दाबानं परत लावता आली असती, पण मग खालचं माझं नाव सगळ्यांना दिसलं असतं. ज्या पोरांनी मला काका म्हणून डोक्यावर घेतलं होतं त्यांना मी खोटा दिसलो असतो. एवढ्यासाठी मी दहा महिने गप्प बसलो. तिकडं तांड्यावर एका पोरीच्या नावाला डाग लागला होता आणि तो पुसणारी चाळीस ओळींची साक्ष माझ्या खिशात होती.

मग जमनानंच सांगितलं की कविता सरूचं वर्षाचं करायला येते आहे. "बाया म्हणतात, येऊ दे. पाणी देऊ, जेवाले वाढू. पण गळ्यात पडाले उठाचं नाही कोणी."

त्या दिवशी मी पोस्ट परत लावली, तिच्या मूळ वेळेसकट, आणि खाली कबुली लिहिली. लोकांनी मोठ्या मनानं घेतलं. बऱ्याच जणांनी हृदयाचं चित्र टाकलं. एकानं लिहिलं, "काका, एनजीएल, हे कबूल कराले जिगर लागते." मला सुटल्यासारखं वाटलं. ते एक दिवस टिकलं. कोणीतरी ते कविताला पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी तिचा थेट मला निरोप आला:

"मी वाचलं. मला सॉरी नको. समूहावरचे लोक तेव्हाच विसरले होते. माझ्या मावशीला मोबाइल वाचता येत नाही."

मी नाशिकहून निघालो. जाण्याआधी ती पोस्ट मी देवनागरीत मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवून घेतली. तांड्यावर जमनानं मला दारातच झापलं. माझं तिला फोनवर सगळं सांगून झालं होतं, पण बायांना तुझं तूच सांग असं ती म्हणाली होती. "बुडा झाला पण अक्कल नाही आली," म्हणाली, आणि जेवायला वाढलं.

दुसऱ्या दिवशी सरूच्या अंगणात बाया बसल्या होत्या. कविता आर्णीहून गाडी करून आली. चाळिशीची बाई, केस आखूड कापलेले, हातात एकच पिशवी. ती अंगणात येऊन उभी राहिली. कोणी उठलं नाही. मावशी भिंतीला टेकून जमिनीकडं बघत होती. एका पोरीनं पाण्याचा पेला पुढं केला. कवितानं तो घेतला, पण प्यायली नाही.

बायांच्या बैठकीत पुरुषानं बोलायचं नसतं. मी पुढं झालो आणि म्हणालो, "हे कवितानं सरू गेली त्याच दिवशी लिहिलं होतं. बायांनी उचलावं म्हणून लिहिलं होतं. मी ते पुसलं."

मावशीनं मान वर केली. "काहून?"

"लाज वाटली."

"कायची?"

"तुमची," मी म्हणालो.

 मी कागद उघडून वाचायला लागलो. सूर मला येत नाही. गोरबोलीही जिभेवर अडत होती. मी आपला एकेक शब्द सुटा करत वाचत गेलो. मागून एक बाई कुजबुजली, "हा तं बातम्या वाचून राह्यला," आणि दोघी-तिघी पदरात हसल्या. मी वाचत राहिलो. काकडीचा वेल आला तेव्हा हसणं थांबलं. तो वेल त्याच अंगणात असायचा, सगळ्यांना माहीत होता. मला सुट्टी मिळाली नाही, याडी, इथं आलो तेव्हा मावशीनं कविताकडं पाहिलं. मग शेवटची अर्धी ओळ आली. पुढं कागदावर काही नव्हतं. मी थांबलो.

 मग भिंतीपाशी बसलेल्या मावशीनं बसल्या जागेवरून ती ओळ उचलली. आवाज घोगरा होता, पहिल्यांदा नीट लागला नाही. दुसऱ्यांदा लागला. हात टेकून ती उठली. कवितानं पेला टाकला आणि तिच्या गळ्यात पडली. वर्षभराचं सगळं तिच्या घशातून निघालं. मग जमना उठली, मग सगळ्याच.

कविता माझ्याशी त्या दिवशी बोलली नाही. मी तशी आशाही ठेवली नव्हती.

समूहावर दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी विचारतं, तुमच्यासाठी घर म्हणजे काय. मी तिथं पूर्वी लांब लांब उत्तरं लिहिली आहेत. माती, बोली, बालपण असलं काहीबाही. ज्या माणसानं बोली टाकून दिली आणि मातीकडं पाठ फिरवली त्यानं हे लिहिलं, आणि लोकांनी वाखाणलं. आता मी मॉडरेटर नाही, यादी दुसऱ्या कोणीतरी पुढं चालवली आहे, मी फक्त वाचतो. तो प्रश्न पुन्हा आला तर मला लिहिता येईल असं वाटत नाही. मला एवढंच माहीत आहे की त्या दिवशी कागद घडी करून मी अंगणाच्या कडेला उभा होतो. तिथं माझं काही काम उरलं नव्हतं, आणि जावं की थांबावं ते कळत नव्हतं. तेवढ्यात सरूची जाऊ रडता रडता मधेच थांबली, नाक पुसलं आणि माझ्यावर खेकसली, "काय पाहून राह्यला तिथं उभा? बायायचे घसे सुकले. हंडा घे, पाणी आन."

मी हंडा घेऊन हापशीवर गेलो. तिथं दोघी जणी भांडी भरत होत्या. दोघीही मला ओळखत नव्हत्या. एकीनं हापसता हापसता विचारलं, "कोणाकडचे हो तुमी?"

"सरूकडं पाणी न्यायचं हाय," मी म्हणालो. "आधी मले भरू द्या."

तिनं आपली घागर बाजूला ओढली.